दोन मिलिमीटरची हाव



"कंपनीचा पार्ट घ्यावा की लोकल?" हा प्रश्न आपल्याकडे "मुलाला मराठी शाळेत घालावे की इंग्रजी?" या प्रश्नाइतकाच भांडणाचा आहे. एक पक्ष म्हणतो, कंपनीचेच घ्या, नसेल परवडत तर मशीन भंगारात द्या. दुसरा म्हणतो, लोकल घाला, सगळे एकाच भट्टीतले असते, कंपनी नुसता डबा विकते. दोन्ही पक्षांना बोलताना कधी अडखळायला होत नाही, आणि माझ्या अनुभवाने न अडखळता बोलणारा विद्यार्थी बहुतेक वेळा पाठ करून आलेला असतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्या नातेवाइकांना पुढचे वाचायची सक्ती नको. बिघडलेल्या यंत्राला लोकल सिलिंडर घालून ते पुन्हा कामाला लावणे यात कमीपणा काही नाही, उलट शहाणपण आहे. पण त्याच खर्चात "जरा मोठा बसवू, पॉवर वाढेल" असे जे मनात येते, तिथे थांबावे. दुरुस्ती ही गरज आहे. वाढीव ताकद ही बहुतेक वेळा हाव असते, आणि तिचा पैसा कुठून तरी कापून आणलेला असतो. कुठून, ते पुढे येईलच.

आता मराठीचा मास्तर इंजिनावर का बोलतो आहे, असे विचाराल. अहो, शीळफाट्याला राहून माणूस इंजिनापासून लांब राहील कसा? कल्याणकडून येणारा रस्ता, महापे-नवी मुंबईकडून येणारा, मुंब्र्याकडून येणारा आणि पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, असे सगळे इथे एकमेकांच्या अंगावर येतात. दिवसरात्र ट्रेलर. त्यांच्या मागे गॅरेज, टायरवाले, वेल्डिंगवाले, भंगारवाले, पार्टवाले. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून येणारा २१ किलोमीटरचा बोगदा आमच्या शीळफाट्यालाच उजेडात येतो. त्यातला घणसोली ते शीळफाटा हा भाग २० सप्टेंबर २०२५ रोजी आरपार झाला. आणि त्याच फाट्यावर एखादा मिस्त्री पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाला नवे रिंग घालत बसलेला असतो. मला दोन्हींचे कौतुक आहे. दुसऱ्याचे थोडे जास्तच.

तर मुद्दा असा, की माझा एक जुना विद्यार्थी लाकूड तोडायचे काम करतो. खिडकाळी, पडले, देसाई, उत्तरशीव या बाजूला कुणाच्या घरावर फांदी आली, पावसात झाड आडवे झाले, की त्याला फोन जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा तो दोन माणसे आणि एक चेनसॉ घेऊन तिकडे गेला. पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाही. बायको, दोन मुली आणि म्हातारी आई, इतके घर त्या एका मशीनवर चालते. ते मशीन मागच्या उन्हाळ्यात चिकटले. दोरी ओढली तर ओढेना. मिस्त्रीने उघडून पाहिले, तर पिस्टनवर आणि सिलिंडरच्या आत उभे ओरखडे.

कंपनीच्या सिलिंडर-पिस्टनची किंमत त्याला पंधरा हजारांच्या घरात सांगितली. याच्या खिशात सात हजार. लोकल सेट मिळत होता ३,२०० ला. आणि दुकानदाराने हळूच सांगितले, "याच मशीनला दोन मिलिमीटर मोठ्या बोअरचा सेट बसतो. ४,२०० ला देतो. मशीन उडेल बघ!" विद्यार्थी माझ्याकडे सल्ल्याला आला, कारण मास्तरला सगळे कळते हा त्याचा चौथीपासूनचा समज. तो समज मी मोडला नाही.

माझ्या पिढीला सिलिंडर हा शब्द नवा नाही. बजाज चेतक १९७२ ची, आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया त्यानंतरची. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली स्कूटर कुणी टाकून देत नसे. ती ओढेनाशी झाली, धूर ओकू लागली, की "बोअर करून आणली" हे वाक्य घराघरात ऐकू येई. म्हणजे लोखंडी ब्लॉक आतून थोडा कातून गोल करायचा आणि त्यात एक माप मोठा पिस्टन घालायचा. लोखंड जाड असल्यामुळे असे तीन-चार वेळा करता येई.

चेनसॉचे तसे नसते. ते हातात धरून चालवायचे, म्हणून वजन कमी हवे, म्हणून ब्लॉक ॲल्युमिनियमचा. पण नुसते ॲल्युमिनियम पिस्टनच्या घर्षणापुढे टिकणार नाही. म्हणून आतल्या भिंतीवर केसाइतका पातळ आणि अतिशय कडक असा थर चढवलेला असतो, कधी क्रोमचा, कधी निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा. या दुसऱ्या प्रकाराला निकासिल म्हणतात, आणि तो जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ च्या सुमारास आणला. हा थर कातला की खाली मऊ ॲल्युमिनियम उघडे पडते. म्हणून इथे बोअर करणे नाही. थर गेला की सिलिंडर बदलायचा, हाच सरळ मार्ग.

मात्र थर खरेच गेला आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळदा दिसतो तो ओरखडा म्हणजे पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेले असते, आणि खालचा थर धड असतो. जाणकार मिस्त्री ते आम्लाने काळजीपूर्वक खरवडून काढतात. (घरी करायचा उद्योग नव्हे हा, डोळे आणि फुप्फुसे दोन्ही जातील.) तसे झाले तर नुसत्या पिस्टनवर भागते. आमच्या विद्यार्थ्याच्या मिस्त्रीने हे करून पाहिले. थर दोन जागी उडालेला निघाला. म्हणजे सिलिंडर घेणे आलेच.

लोकल पार्टला नाके मुरडणाऱ्यांना मला एक विचारायचे आहे. आपल्या शेतीला पाणी कोणी दिले? १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सने दिले, हे खरेच. पण राजकोटच्या लहान लहान कारखान्यांत विलायती लिस्टरच्या धर्तीवर जी इंजिने आणि त्यांचे सुटे भाग तयार झाले, त्यांनीही दिले. ज्या शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता त्याचा मोट-बैलातून सुटण्याचा रस्ता तिथून गेला. दुसऱ्याने बनवलेला सुटा भाग मिळणे हीच गरिबाची वॉरंटी असते. सरकारलाही हे आता पटू लागले आहे. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली, आणि त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, मोटारी यांच्याबरोबर शेतीची अवजारेही घेतली. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्याला दुरुस्त करता यावी, इतकी साधी ही मागणी.

पण लोकल म्हणजे डोळे मिटून नव्हे. प्रश्नपत्रिका तपासताना मी अक्षर पाहून गुण देत नसे, तसे इथे डबा पाहून देऊ नयेत. सिलिंडरच्या भिंतीत वायू आत-बाहेर जायला खिडक्या असतात. त्यांच्या कडांवरून नख फिरवून पाहावे. कड धारदार असेल तर रिंग तिथे अडकून तुटते. तिथे थराची कपची उडालेली असेल तर सेट परत द्यावा. रिंग सिलिंडरात एकटी घालून तिच्या टोकांतली फट मोजावी. पिस्टनच्या पिनेला धरून ठेवणाऱ्या दोन बारीक क्लिपा स्वस्त सेटमध्ये हलक्या निघू शकतात. त्या चांगल्या घ्याव्यात, कारण ती क्लिप सुटली तर काही मिनिटांत नवा सिलिंडर भंगार. पिस्टनवरचा बाण धूर निघतो त्या बाजूला. आणि पिस्टन वर गेल्यावर डोक्याशी किती जागा उरते, ते सोल्डरची मऊ तार आत दाबून मोजावे. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. एवढे सगळे करणारा मिस्त्री असेल तर लोकल सेट पुष्कळ दिवस चालतो. नसेल तर कंपनीचा पंधरा हजारांचाही वाया जातो.

याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. पहिला सिलिंडर गेला कशाने? हा प्रश्न कुणी विचारत नाही. गणित चुकलेल्या मुलाला नुसते बरोबर उत्तर लिहून दिले, तर पुढच्या परीक्षेत तो तीच चूक तशीच करणार. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे ऑईल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावरच सगळे भागते. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. मशीनच्या पुस्तकात जे असेल ते, आणि मोजून. अंदाजाने "टोपणभर" नव्हे. दुसरे कारण म्हणजे कुठून तरी चोरून आत येणारी हवा. ऑईल सील कडक झाले, कार्बुरेटरच्या मागचे रबर तडकले, की हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि उष्णता जास्त. तिसरे कारण ताजे आहे. २०२५ पासून आपल्याला पंपावर सर्रास मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर लावलेल्या कार्बुरेटरला तेच मिश्रण हलके पडते. शिवाय ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. मोटारीचा संगणक हे सांभाळून घेईल. चेनसॉला संगणक नाही, तिथे स्क्रू फिरवणारा माणूस लागतो.

हवा कुठून येते ते शोधायची रीत सोपी आहे. इंजिनाची तोंडे बंद करून आत थोडी हवा भरायची आणि साबणाचे पाणी लावायचे. पंक्चरवाला ट्यूबला करतो तेच. आमच्या मशीनचे रबर तडकलेले निघाले. समजा ते न पाहता नवा सिलिंडर बसवला असता, तर तो कंपनीचा असो की लोकल, महिनाभरात तीच गत झाली असती, आणि दोष मात्र लोकल पार्टवर गेला असता!

आता त्या दोन मिलिमीटरकडे येऊ. माझा भाचा कॅनडात असतो, थंडीसाठी लाकडे फोडतो आणि या विषयातला हौशी आहे. त्याला फोन लावला तर तो खूश. "मामा, इकडे हे फार लोकप्रिय आहे. हुस्क्वर्ना ३६५ ला ३७२ चा सिलिंडर लावतात. ४८ चा बोअर ५० होतो!" मी वही घेतली. दोन्हींत पिस्टनची धाव ३६ मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले धाव: ४८ ला येतात ६५.१ सीसी, ५० ला ७०.७. म्हणजे वाढ साडेआठ टक्के. भाच्याला म्हटले, "अरे, साडेआठ टक्क्यांसाठी इतका आनंद?" तो म्हणाला, "मामा, हौसेला टक्के नसतात." बरोबर आहे त्याचे. त्याच्यासाठी हौस आहे. त्याच्याकडे डोक्याला हेल्मेट, पायाला चेन अडकवून थांबवणारी जाड पँट आणि पोटाला पगार आहे. त्याने खुशाल बसवावा.

आमच्या विद्यार्थ्याचे गणित वेगळे. लाकूड कापते ती चेन, सिलिंडर नव्हे. चेन बोथट असेल तर ७० सीसीचे मशीनही नुसता भुसा आणि धूर काढते. धार नीट असेल तर भुशाऐवजी लाकडाच्या कपच्या पडतात आणि मशीन स्वतःच आत उतरते. त्यासाठी लागते एक गोल कानस आणि रोजची दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांचा फायदा साडेआठ टक्क्यांहून कितीतरी जास्त आहे, हे भाच्यानेही मान्य केले.

मग आम्ही सात हजारांची वाटणी मांडली. त्याच मापाचा लोकल सेट ३,२००. सील, गॅस्केट आणि रबर ९००. चांगले टू-स्ट्रोक तेल, मोजायची बाटली आणि एअर फिल्टर ६००. नवी चेन आणि कानस १,२००. उरले ११००. आणि त्या ११०० चे काय करायचे, यावर आमचे खरे भांडण झाले. कारण त्याच्या मशीनला चेनचा ब्रेकच नव्हता. पुढची दांडी तुटली तेव्हा त्याने पट्टी काढून टाकली होती. दुरुस्तीला लागत होते बरोबर तेवढेच पैसे. म्हणजे मोठ्या सिलिंडरचे जादा हजार रुपये त्या ब्रेकमधून येणार होते. मी वर म्हटले ना, कुठून तरी कापून आणलेले असतात म्हणून!

"सर, ब्रेक मधेच लागतो. काम थांबतं."

"तेच त्याचं काम आहे."

"आमच्यातलं कुणीच लावत नाही सर."

मी त्याला आणखी एक गणित घातले. सात दात्यांचे चक्र, दर फेऱ्याला चेन साधारण १३ सेंटिमीटर पुढे जाते. कापताना इंजिन मिनिटाला ९ हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १५०. तर चेनचा वेग किती? त्याने बोटावर केले आणि गप्प झाला. सेकंदाला २० मीटर. ताशी ७२ किलोमीटर. पट्टीच्या टोकाची वरची बाजू कशाला टेकली तर मशीन उसळून मागे येते, चेहऱ्याकडे, खांद्याकडे. माणसाला कळायच्या आत. तेव्हा मनगट त्या दांडीवर आपटते आणि क्षणात चेन थांबते. ती दांडी नसेल तर मधे काय आहे? आणि आपण अशा मशीनची ताकद वाढवायच्या गोष्टी करतो आहोत!

त्याने त्याच मापाचा सेट बसवला. मशीन चालते आहे, कपच्या पडताहेत. ब्रेकचे सामानही आणले, पण ते अजून पिशवीतच आहे. "या आठवड्यात लावतो सर." मी दर रविवारी फोन करतो. फोन त्याची मुलगी उचलते, सातवीत आहे. आता मी तिलाच विचारतो, "बाबांनी ब्रेक लावला का गं?" मास्तरचे ऐकले नाही तरी लेकीचे ऐकतो की नाही बघू.

काही वाचक म्हणतील, झाडे तोडणाऱ्याची एवढी काळजी कशाला? झाडे मलाही प्रिय आहेत. पण झाड तोडायचे की नाही, हे मशीन ठरवत नाही. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला आहे. त्याची अंमलबजावणी होते की नाही, यावर जरूर भांडा, मी तुमच्या बरोबर उभा राहीन. पण वादळात घरावर पडलेले आंब्याचे झाड कापायला जो चढतो, त्याची बोटे शाबूत राहावीत ही इच्छा आणि वृक्षप्रेम यांत मला विरोध दिसत नाही.

"अपग्रेड" हा शब्द हल्ली आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. फोन अपग्रेड, घर अपग्रेड, मुलांची शाळा अपग्रेड. मराठीत त्याला नेमका शब्द मला सापडलेला नाही. "सुधारणा" म्हणावे तर सुधारणेत आधी दोष शोधावा लागतो. अपग्रेडला दोष शोधायची गरज नसते, नुसते मोठे माप पुरते. मला वाटते फरक तिथेच आहे. हातात पैसा मोजका असेल, तर तो आधी दोषावर खर्च करावा, मग धारेवर, मग ब्रेकवर. एवढे करून उरला, तर घ्या की दोन मिलिमीटर, माझी हरकत नाही.

असो. आमच्यातले जे कुणी घरी असे मशीन, ग्रास कटर किंवा जुनी स्कूटर बाळगून आहेत, त्यांनी आज तिचा ब्रेक तेवढा तपासावा. आणि कॅनडातल्या भाच्याने यावर मोठे उत्तर लिहू नये, फोन करावा. रविवार सोडून. रविवारी मी दुसऱ्या फोनवर असतो.